दृश्य एकशे अठरा

राजवाड्यातली मेजवानी, बेचाळीस पाहुणे,
एक कुत्रा, आणि छतातून गळणारं पाणी.
नऊ हजार सहाशे नोड.
मी फाईल उघडली की वेंडेल काही बोलत नाही,
जर्दाळूच्या पालिंकाची बाटली नुसती टेबलावर ठेवतो.
म्हणजे, वेळ आहे.

केच्केमेतला जानेवारीत चारनंतर अंधार पडतो.
स्टुडिओत उरतो आम्ही दोघं आणि माझी जुनी स्क्रिप्ट.
ती भली आहे. पण बावळट.
एकेका नोडच्या दारात जाते,
"तुमचं कुणी आहे का?" विचारते,
नाही म्हणाला की त्याला उचलून बाहेर ठेवते
आणि पुन्हा पहिल्या दारापासून सुरू करते,
कारण हा गेल्यावर
मागे कुणी पोरका झाला असेल तर?
शिवाय दर उचलण्यागणिक
पडद्यावर सगळं जाळं नव्याने आखलं जातं,
सगळ्या चौकटी, सगळ्या तारा,
घरातून एक चमचा गेला म्हणून
अख्खं घर रंगवायला काढावं तसं.

सत्तेचाळीस मिनिटं.

तेवढ्यात वेंडेल सांगतो इलुशबद्दल.
चित्रं पारदर्शक पत्र्यांवर रंगवायचे तेव्हाची गोष्ट.
पत्रे महाग, म्हणून शूटिंग झालं की धुवायचे.
इलुश धुवायची. गरम पाणी, सोडा,
कोपरापर्यंत लाल झालेले हात,
मोरीतून वाहून जाणारे ससे, ढग, सैनिक.
एका कोल्ह्याची शेपटी काही केल्या निघेना.
पुढच्या सिनेमात, म्हणे,
आभाळात ती पुसट दिसायची.
कुणाच्या लक्षात आलं नाही.
"माझ्या आलं," वेंडेल म्हणतो, दर वेळी,
आणि दर वेळी शेपटी थोडी लांब होते.

मग चिकोश बाईंचं पत्र आलं: वितरण तेवीस तारखेला.
मी स्क्रिप्ट मोडली.

या वेळी दारोदार फिरले नाही.
जिथून चित्र बाहेर पडतं
त्या शेवटच्या टोकाला उभी राहिले
आणि प्रवाहाच्या उलट चालू लागले.
नदीचं मूळ विचारू नये म्हणतात;
मी तेवढंच विचारलं.
तुला कोण येऊन मिळतं? आणि त्याला?
भेटेल त्याच्या कपाळी खूण,
खूण असलेला पुन्हा भेटला तर तिथे थांबायचं नाही.
राजाची मिशी भेटली, मिशीची सावली,
कुत्र्याच्या शेपटीचे सात सांधे,
पाण्याचा थेंब, थेंबातला उजेड.
ज्यांना खूण नाही त्यांची यादी केली:
तीन हजार एकशे चौदा.
कुणाचे तरी जुने हात, टाकून दिलेली तोंडं,
"राणी_शेवटची", "राणी_शेवटची_खरी",
आणि तार नसलेला एक चंद्र.

जाळ्याची खिडकी बंद केली. बघायचंय कुणाला?
सगळ्यांना एकाच हिसक्यात काढलं,
पस्तावले तर परतायलाही
एकच पाऊल पुरेल असं.

अकरा सेकंद.

वेंडेलचा हात अजून बाटलीच्या बुचावर होता.

त्याने बूच परत दाबलं.
मग म्हणाला, दाखव.
आधीचं आणि नंतरचं शेजारी शेजारी लावलं,
चौकटीमागून चौकट, दोनशे चाळीस.
एका ठिपक्याचाही फरक नाही.
तो चष्मा कपाळावर सरकवून
पडद्याला नाक लावून बघत राहिला
खिडकीपलीकडचं रंगवलेलं आभाळ.
"काय शोधताय?"
"काही नाही," म्हणाला. "स्वच्छ आहे."

कोट घातला. दारात एकदा घुटमळला.
बाहेर पार्किंगमध्ये
काचेवरचं दव खरवडल्याचा आवाज
बराच वेळ येत राहिला.
मी एकशे एकोणीस उघडलं.
अकरा हजार.